नडगी, नळी आणि नऊ मिलिमीटरचा रॉड

नडगीवर मांस नसतं. गुडघ्याच्या वाटीखाली जो टणक उंचवटा हाताला लागतो तिथे बोट टेकवा आणि सरळ खाली सरकवत न्या. घोट्याच्या आतल्या गाठीपर्यंत हाड बोटाखालून सुटत नाही आणि मध्ये कातडीशिवाय काही नाही. मांडीचं हाड मांसात खोल गाडलेलं असतं. हे मात्र शरीरातलं लांबीने दुसऱ्या नंबरचं हाड असूनही पुढून असं उघड्यावर. म्हणून तर खाटेचा कोपरा नडगीला लागला की ब्रह्मांड आठवतं. दुखतं ते हाडावरचं पातळ आवरण. त्यात नसा दाटीने असतात आणि इथे त्यांना वाचवायला मध्ये कोणी नाही. कबड्डीत, स्कूटरची किक उलटी बसल्यावर, एसटीच्या पायरीवर, प्रत्येकाने ही कळ कधी ना कधी सोसलेली असते. ते हाड मोडल्यावर पुढे काय काय होतं ते मला एका आषाढात कळलं.

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं सासर. राहायला आम्ही पुण्यात, पण लावणीला आणि भात काढायला सगळे गावी जमतात. पावसाची झड लागलेली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, दोन्ही हातांत रोपांच्या मुठी. खाचरातून बांधावर चढताना उजवा पाय वर गेला, डावा पोटरीपर्यंत चिखलात रुतलेला. बांधाची कड ढासळली आणि मी गरकन फिरत पडले. डावा पाय होता तिथेच राहिला. आवाज झाला तो मला आतून ऐकू आला, ओली फांदी पिळून मोडावी तसा.

सासूबाई पलीकडच्या खाचरात होत्या. त्यांनी येऊन पायाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "नडगी गेली." पाऊल जिकडे बघायला हवं तिकडे बघत नव्हतं. "पाय हलवू नको, आणि बघूही नको तिकडं," एवढं सांगून त्यांनी धाकट्या दिरांना हाक मारली. "वहिनी, डोळे मिटा," म्हणत दिरांनी गोठ्यामागून बांबूच्या कामट्या आणल्या, मांडीपासून टाचेखालपर्यंत दोन्ही बाजूंनी लावल्या, मध्ये फाटक्या गोधडीचे तुकडे कोंबले आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी सगळं बांधून टाकलं. पाय सरळ करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. हे शहाणपण पुढे दोन डॉक्टरांनी वाखाणलं. मग बाजेवर घालून रस्त्यापर्यंत, आणि तिथून वडापच्या जीपमध्ये मागच्या दोन बाकांच्या मध्ये आडवी.

जीप सुटण्याआधीच वाद सुरू झाला होता. चुलतसासऱ्यांचं म्हणणं, भोरला कशाला, वाटेत हाडवैद्य आहे. "नळी तर मोडलीय नुसती. बांधून घेतली की झालं. दवाखान्यात नेलं की ते रॉडच घालणार." त्यांचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. त्यांचा स्वतःचा हात तिथेच बसला होता आणि आजही ते त्या हाताने नांगर धरतात. पुढे मी हा प्रश्न पुण्याच्या डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, हाड जागचं हललेलं नसेल तर ते बांधून ठेवलं तरी जुळतं, कोणीही बांधलं तरी जुळतं. हाडवैद्याचं नाव होतं ते अशा पेशंटांमुळे. पिळा बसून मोडलेलं आणि एकमेकांवर चढलेलं हाड नुसतं बांधलं तर तेही बहुतेक जुळतं, पण पाय आखूड आणि पाऊल वाकडं होऊन. माझं मत विचाराल तर मला त्या वेळी मत नव्हतं. सासूबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "भोर," आणि विषय संपला.

भोरला एक्स-रे निघाला. मोठं हाड, म्हणजे नडगीचं, खालच्या तिसऱ्या भागात तिरकं, गोल फिरत चिरलेलं. शेजारचं लहान हाड मात्र त्याच जागी न मोडता वर गुडघ्याजवळ मोडलेलं. मला वाटलं दोनदा मार बसला. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की पाय पिळला गेला की तो पीळ खालून वर चढत जातो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. पिळ्याच्या फ्रॅक्चरची ही नेहमीची जोडी, म्हणून घोट्याशी हाड मोडलं तरी फोटो गुडघ्यापर्यंतचा काढतात. केसपेपरवर लिहिलं, "फ्रॅक्चर बोथ बोन्स लेग, लेफ्ट". मी म्हटलं, लेग म्हणजे अख्खा पाय झाला ना? ते हसले. डॉक्टरी भाषेत लेग म्हणजे गुडघा ते घोटा, त्याच्या वर थाय, खाली फूट. आपल्याकडे कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पायच. त्यामुळे पुढचे कित्येक महिने फोनवर "पाय मोडला" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठं?" आणि मग "नडगीत" म्हटलं की पलीकडून न चुकता "आई गं" यायचं.

पुण्यात मागून प्लास्टरचा स्लॅब दिला, पाय उशांवर उंच ठेवला आणि ऑपरेशन लगेच केलं नाही. सूज होती. माझी कल्पना अशी की मोडलेलं हाड हीच मुख्य भीती. वॉर्डातल्या सिस्टरना मात्र हाडाशी काही देणंघेणं दिसेना. त्या दर थोड्या वेळाने यायच्या, माझा अंगठा वरच्या बाजूला ओढायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. "पोटरीत कळ येते का? पायाला मुंग्या? बोटं गार वाटतात?" मध्यरात्रीसुद्धा. शेवटी मी विचारलंच. गुडघ्याखालचे स्नायू चार वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि त्या कप्प्यांचं आवरण ताणलं जात नाही. आत रक्त आणि सूज वाढत गेली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू आतल्या आत मरायला लागतात. काही तासांचाच खेळ. तसं झालं तर रात्री दोन वाजताही टेबलावर घेऊन कप्पे चिरून मोकळे करावे लागतात. बोटं ओढल्यावर येणारी सहन न होणारी कळ हा पहिला इशारा. नाडी लागते, बोटं गुलाबी आहेत, यावर विसंबून चालत नाही, कारण ती खूण फार उशिरा जाते. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. पण नडगी मोडलेल्या कोणाच्या उशाशी बसायची वेळ आली तर एक्स-रेपेक्षा त्या अंगठ्याकडे लक्ष ठेवा. बँडेज करकचून आवळलंय आणि दुखणं गोळीला दाद देत नाही असं वाटलं की सकाळची वाट न बघता माणूस बोलवा.

सूज उतरायची वाट बघत पडले असताना वाईचे मामा भेटायला आले. मामा वैद्य. त्यांनी स्लॅबवर टिचकी मारली, एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "भज्यन्ते नलकानि तु." मग खुर्ची ओढून बसले. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. कवटीसारखी चपटी ती कपाल, दात ते रुचक, नाककानाची मऊ ती तरुण, बरगड्यांसारखी वाकडी ती वलय, आणि हातापायांची लांब ती नलक. प्रत्येकाची मोडायची तऱ्हाही वेगळी लिहून ठेवली आहे. मऊ हाड वाकतं, चपटं चिरफळतं, दात फुटतो. मोडतं ते नलक. मी मुद्रितशोधनाचं काम करते, शब्द दिसला की थांबायची खोड आहे. नलक म्हणजे नळ, नळी. संस्कृतात बोरूसारख्या पोकळ, पेरांच्या गवताला नल म्हणतात आणि नडही म्हणतात. चुलतसासऱ्यांच्या तोंडी नळी होती, सासूबाईंच्या तोंडी नडगी. त्या नडगीत मला तेव्हापासून तो नड ऐकू येतो. गुडघ्याखालच्या भागाला सुश्रुत जंघा म्हणतो. तो शब्द पुढे चढत गेला: हिंदीत मांडीवर जाऊन थांबला, मराठीत जांघेपर्यंत पोहोचला आणि खालची जागा नडगी-पोटरीला मोकळी झाली. परिभाषेच्या पुस्तकांत अंतर्जंघास्थी असा एक शब्द आहे. तो मी आजवर कोणा अस्थिरोगतज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मामांना कामट्यांची गोष्ट फार आवडली. सुश्रुत मोडलेल्या हाडाला बांधायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू वापरायला सांगतो. बंध सैल झाला तर हाड स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर सूज येते, पिकतं, हेही सांगतो. थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. जंघेचं म्हणजे नडगीचं किंवा मांडीचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर निजवायचं आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकायच्या: सांध्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन आणि तळव्याशी एक. "कपाटशयन" असं त्याला नाव. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा धरून ठेवायचा हा नियम आजही प्लास्टर घालताना पाळतात. दिरांनी कामट्या मांडीपर्यंत नेल्या त्याही त्यामुळेच बरोबर होत्या. सिस्टर अंगठा ओढायला आल्या तेव्हा मामा बाजूला सरकले आणि म्हणाले, "करा, करा. आवळलेल्या बंधाचीच परीक्षा आहे ती."

ऑपरेशनच्या दिवशी कमरेत इंजेक्शन दिलं. कमरेखाली सगळं नाहीसं झालं, वर मी पूर्ण जागी. समोर हिरवा पडदा. डॉक्टरांनी विचारलं, "झोपेचं देऊ का थोडं?" मी नको म्हटलं. ऐकायचं होतं. ऐकलं ते असं. गुडघा वाकवून पाय टेकवलेला. वाटीच्या खाली छोटा छेद. तिथून टोकदार हत्याराने हाडाच्या माथ्याला भोक. मग त्या भोकातून एक लांब तार हाडाच्या आतल्या पोकळीतून खाली सारायची, मोडलेली टोकं बाहेरून हातांनी जुळवून धरायची आणि तार खालच्या तुकड्यात उतरवायची. सी-आर्म नावाचं एक्स-रेचं यंत्र शेजारी. "शॉट." टक्. "थोडं बाहेर फिरव. शॉट." टक्. मोडलेली जागा उघडीच करत नाहीत. इथे वर नुसती कातडी आहे, उघडलं तर भरून यायला त्रास, आणि आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

तार उतरली आणि रीमर सुरू झाला. पोकळी कोरून रुंद करायची. आठाच्या पात्यापासून सुरुवात, मग साडेआठ, नऊ, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वर. दुखत काहीच नव्हतं, पण घरघर कमरेवरच्या अंगात पोहोचत होती, दातांत जाणवत होती. साडेदहाला थांबले. 9 मिलिमीटर जाडीचा आणि 300 मिलिमीटर लांबीचा नेल (हाच तो रॉड), आणि कोरायचं दीड मिलिमीटर जास्त, म्हणजे तो अडकत नाही. मधल्या भागात पोकळी अरुंद असते, तिथे रॉड घट्ट बसतो. माझं हाड मोडलं होतं खाली, जिथे पोकळी रुंद होत जाते आणि रॉडला पकड मिळत नाही. म्हणून खाली आडवे दोन स्क्रू, वरही दोन, हाडातून आरपार आणि रॉडच्या भोकांतून. रॉड आत ठोकताना हातोडीचा आवाज आला तो सुताराकडे येतो तोच, त्यात वैद्यकीय काही नव्हतं. एका ठोक्याला माझं डोकं उशीवरून वर सरकलं आणि भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आता खाली घ्या स्वतःला."

नळी आहे म्हणून रॉड जातो. हे वाक्य त्या टेबलावर पडल्या पडल्या मनात आलं आणि नंतर बरेच दिवस गेलं नाही. बाहेरून फळ्या आणि खुंट्या लावून हाड धरण्याऐवजी ते आतून धरायचं, ही कल्पना जर्मनीतल्या गेरहार्ड क्युंचर या सर्जनने 1939 साली प्रत्यक्षात आणली, ती मांडीच्या हाडावर. सहकाऱ्यांना ते भलतंच वाटलं. हाडाच्या आतली मज्जा मेली तर? युद्धकैदी झालेले सैनिक घरी परतले आणि त्यांच्या एक्स-रेत मांडीत लांब सळई दिसली तेव्हा दोस्तराष्ट्रांच्या डॉक्टरांनी डोळे चोळले. ज्या शहरात क्युंचर हे करत होता त्याचं नाव कील. सुश्रुताच्या खुंटीला कीलक म्हणतात. हा निव्वळ योगायोग, पण मामांना फोन करून सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

टिबिया हा डॉक्टरांचा शब्दही नळीच निघाला. लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे नडगीचं हाड आणि टिबिया म्हणजेच फुंकून वाजवायचं पाव्यासारखं वाद्य. पक्ष्यांच्या, जनावरांच्या पायांची पोकळ हाडं भोकं पाडून वाजवत, त्यातून एकच शब्द दोन्हींकडे लागला. शेजारचं बारीक हाड फिब्युला, म्हणजे रोमन लोक अंगावरचं वस्त्र अडकवायला वापरत तो काटा. दोन हाडं शेजारी शेजारी ठेवली की खरंच तशी दिसतात. ज्यांनी ज्यांनी हे हाड हातात घेऊन पाहिलं त्यांना ते पोकळ आहे हेच आधी दिसलं. मटणाच्या दुकानात उभं राहून "दोन नळ्या टाका" म्हणणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

नळ्यांवरून आठवलं. घरी आल्यावर त्यांचा मारा सुरू झाला. जाऊबाई आठवड्याला अळणी सूप करायच्या, नळी ताटलीवर आपटून आतला मगज माझ्याच वाटीत पडेल याची काळजी घ्यायच्या. हाडाने हाड भरतं, असा एकूण हिशोब. शेजारच्या आजी शाकाहारी, त्यांनी डिंकाचे लाडू आणि कांडवेलीची चटणी पाठवली. कांडवेलीला हाडसांधी म्हणतात ते उगाच नाही म्हणे. डॉक्टरांनी कशालाच नको म्हटलं नाही. प्रथिनं पोटात जाऊ देत, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, एवढंच. त्यांनी खोदून खोदून विचारलं ते एकच, "तंबाखू? मिश्री?" धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो हे पक्कं माहीत असलेलं आहे. मिश्री मी लावत नाही. त्या दिवशी बरोबर आलेल्या चुलतसासऱ्यांनी मात्र खिशातली पुडी पुन्हा आत सरकवली.

आता कंटाळवाणा भाग. वॉकर, कमोडची खुर्ची, अंघोळीला प्लास्टिकची पिशवी, रोज सकाळी पोटात घ्यायचं इंजेक्शन. टाके निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट यायला लागली. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, "काकू, पाऊल वर. काकू, खाली. काकू, अजून दहा." हाड नडगीचं मोडलं आणि आखडला घोटा. तो वर येईना. पाऊल वर आलं नाही तर जिना चढताना बोटं पायरीला अडकतात, उकिडवं बसायचा तर विचारच नको. टॉवेल पावलात अडकवून ओढायचा, रोज, रडत रडत. यात सांगण्यासारखं एवढंच की हे चुकवून चालत नाही.

पावलाचा नुसता स्पर्श, मग अर्धं वजन, मग पूर्ण, असं ठरलं होतं. फोटो बघितला की लहान हाड छान जुळत आलेलं, वरचं. मोठ्याची फट तशीच. पुन्हा फोटो, पुन्हा तेच. हे हाड मुळात सावकाश जुळतं, साध्या मोडीलाही चार-पाच महिने धरून चालतात, आणि खालचा तिसरा भाग सगळ्यांत हट्टी. कारण तेच, सुरुवातीचं: भोवती मांस नाही. हाडाला रक्त दोन वाटांनी मिळतं, आतल्या रक्तवाहिनीतून आणि भोवतालच्या स्नायूंकडून. आतली वाहिनी वरच्या बाजूने शिरते आणि मोड तिला तोडते, रीमर उरलंसुरलं खरवडतो (ते काही आठवड्यांत पुन्हा तयार होतं), आणि बाहेरून द्यायला इथे आहे कोण, कातडी. शिवाय लहान हाड आधी जुळलं होतं आणि मोठ्याच्या दोन टोकांना जवळ येऊ देत नव्हतं. कधी कधी त्यासाठी लहान हाडाचा तुकडा कापूनही काढतात. चालताना वजन येतं ते बहुतेक सगळं मोठ्यावर. लहान्याच्या वाट्याला सहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच.

डॉक्टर म्हणाले, "एक स्क्रू काढू या." मी म्हटलं, हाड जुळत नाही आणि तुम्ही आधारच काढता? त्यांनी कागदावर रॉड काढून दाखवला. रॉडच्या वरच्या टोकाला एक भोक गोल असतं आणि एक लांबट. दोन्हींत स्क्रू असले की हाड आणि रॉड एकजीव, तसूभर हलत नाही. सुरुवातीला तेच हवं असतं. पण आता माझं वजन हाडावर येण्याऐवजी रॉडवर जात होतं. गोल भोकातला स्क्रू काढला की लांबट भोकातला स्क्रू काही मिलिमीटर वरखाली सरकू शकतो, प्रत्येक पावलागणिक मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. गोल फिरू मात्र शकत नाहीत. हाडावर जसा भार येतो तसं ते घडतं, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलं आणि अस्थिशास्त्र आजही त्यावर उभं आहे. या स्क्रू काढण्याला डायनामायझेशन म्हणतात. जागा बधिर करून अर्ध्या तासात काम झालं, त्याच दिवशी घरी.

ओपीडीत माझ्या शेजारी एक ऊसतोड कामगार बसायचा. त्याच्या नडगीभोवती स्टीलची कडी, कड्यांतून आरपार तारा. इलिझारोव्ह. त्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, जंतू शिरले, सडका भाग कापून टाकावा लागला होता. आता वर एका जागी हाड कापून रोज एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, पान्याने कड्यांमधलं अंतर वाढवायचं, आणि मधल्या फटीत नवं हाड धरत जायचं. पाना त्याची बायको फिरवायची. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गॅव्हरिल इलिझारोव्हने ही पद्धत 1951 च्या सुमारास काढली आणि कित्येक वर्षं बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नव्हता. कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाची नडगी स्कीइंग करताना मोडली होती आणि पुढची कित्येक वर्षं नीट जुळली नाही. 1980 मध्ये तो कुर्गानला गेला, बरा होऊन परतला, आणि त्याचे इटलीतले डॉक्टर चक्रावले. 1981 साली इलिझारोव्हला इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं ते त्यातून. म्हणजे ही पद्धत जगभर गेली तीही एका नडगीच्या पायीच. मी हे त्या दोघांना सांगितलं. बाई म्हणाली, "बरा झाला ना तो?" झाला म्हटल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पाना पिशवीत नीट ठेवला.

स्क्रू काढल्यानंतर मला चालायचंच होतं, भरपूर, काठी घेऊन का होईना. पहिले काही दिवस मोडलेल्या जागी प्रत्येक पावलाला दबकी कळ यायची आणि मला त्या कळेचा आनंद व्हायचा. पुढच्या फोटोत फटीच्या दोन्ही अंगांना धूसर पांढरं दिसलं. कॅलस, म्हणजे नवं हाड, आधी मऊ, मग हळूहळू कठीण. त्याच्या पुढच्या फोटोत फट शोधावी लागली. बाहेरून हात लावला तर तिथे हाडावर गोलसर फुगवटा लागतो. तो वर्षभरात आपोआप घासला जाऊन कमी होतो असं सांगितलं होतं. थोडा झालाय, सगळा नाही.

आता प्रश्न रॉडचा. राहिला तरी बिघडत नाही, काढायचा तर हाड पुरतं भरल्यावर, दीड-दोन वर्षांनी. काढल्यावर स्क्रूंची भोकं भरेपर्यंत हाड जपावं लागतं, म्हणजे काही दिवस पुन्हा काठी. त्रास म्हणाल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला आहे, जिथून रॉड घातला तिथे. मांडी घालता येते, वज्रासन होत नाही, देवापुढे गुडघे टेकता येत नाहीत. नेल घातलेल्या बऱ्याच जणांना हे होतं आणि रॉड काढल्यावर जातंच असंही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. घोट्याच्या वर आतल्या बाजूला एका स्क्रूचं डोकं कातडीखाली सरळ हाताला लागतं. धाकटी पुतणी ते दाबून बघते आणि विचारते, "काकू, हे पेचकसाने निघेल?" तिला मी हो म्हणते, खरंच तसंच निघतं. सासूबाईंचं मत, काढून टाक, अंगात लोखंड कशाला. ते टायटॅनियम आहे हे त्यांना मान्य नाही. मला पुन्हा ती घरघर दातांत नकोय, म्हणून तूर्त तो आहे तिथे आहे.